अंगणात आलेली शाळा

विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या देशातील बहुतेक शाळांतून छडीचे राज्य होते. मूल पाच-सहा वर्षांचे झाले की त्याच्या हाती पाटी देत आणि त्याला पंतोजींच्या स्वाधीन करीत. तेथे तासन्‌तास मांडी घालून बसावे, पाढे घोकावे, अक्षरे गिरवावी आणि चुकल्यास मार खावा, असा शिरस्ता होता. खेळ हा विद्येचा शत्रू मानला जाई. खेळणारे मूल म्हणजे वाया जाणारे मूल, अशी वडीलधाऱ्यांची समजूत असे. अशा काळात, खेळ हेच लहान मुलाचे खरे काम आहे आणि खेळता खेळताच ते शिकते, ही गोष्ट महाराष्ट्राला पटवून देण्यासाठी एका विदुषीने आपले आयुष्य वेचले. त्या विदुषी म्हणजे ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबई येथे झाला. त्यांचे वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. मुलींच्या शिक्षणाला नावे ठेवणारे लोक त्या काळी पुष्कळ होते. परंतु केळकरांच्या घरी सुधारणेचे वारे खेळत होते. मुलगी म्हणून ताराबाईंच्या शिक्षणात खंड पडला नाही. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाची बी. ए. परीक्षा उत्तीर्ण झाल्या. त्या वेळी पदवीधर स्त्रिया हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच असत. अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे त्या राजकोट येथील बार्टन स्त्री अध्यापन विद्यालयाच्या प्राचार्य झाल्या. तोपर्यंत त्या विद्यालयाच्या प्रमुखपदी कोणीही भारतीय व्यक्ती आलेली नव्हती.

पद मानाचे होते आणि वेतनही चांगले होते. परंतु ताराबाईंचे मन तेथे फार काळ रमले नाही. भावनगर येथे शिक्षणाचा एक नवा प्रयोग चालू असल्याचे त्यांच्या कानी आले. गिजुभाई बधेका नावाचे एक वकील आपली चालती वकिली सोडून दक्षिणामूर्ती या संस्थेत आले होते आणि १९२० साली त्यांनी तेथे लहान मुलांसाठी बालमंदिर सुरू केले होते. या बालमंदिरात छडी नव्हती, घोकंपट्टी नव्हती आणि भीतीही नव्हती. मुले गात, नाचत, गोष्टी ऐकत, मातीची चित्रे करीत आणि हे सर्व करीत असतानाच शिकत. ताराबाईंना आपली वाट सापडली. १९२३ साली त्या प्राचार्यपद सोडून भावनगरच्या बालमंदिरात दाखल झाल्या. लोकांना हा निर्णय विचित्र वाटला असल्यास नवल नाही. मोठ्या विद्यालयाची प्रमुख असलेली पदवीधर स्त्री तीन-चार वर्षांच्या मुलांमध्ये बसून खेळ मांडते, हे त्या काळी कोणाला रुचणार?

भावनगरच्या या प्रयोगामागे इटलीतील एका थोर स्त्रीची प्रेरणा होती. डॉक्टर मारिया माँटेसरी यांनी १९०७ साली रोम शहराच्या एका गरीब वस्तीत मजुरांच्या मुलांसाठी बालगृह उघडले होते. लहान मूल हात, डोळे, कान व त्वचा यांच्या द्वारे जग ओळखते, हे जाणून त्यांनी शिक्षणाची नवी साधने तयार केली. त्यांतील एक साधन म्हणजे दट्ट्यांची लाकडी पेटी. तिच्यात निरनिराळ्या आकाराचे १० दट्टे असतात आणि प्रत्येकासाठी नेमके त्याच्या मापाचे भोक असते. दट्टा चुकीच्या भोकात घातला तर तो बसत नाही, किंवा शेवटी एखादा दट्टा जागेवाचून उरतो. मुलाला आपली चूक आपोआप समजते आणि ते ती स्वतःच सुधारते. शिक्षकाने रागावण्याचे कारणच उरत नाही. लहान-मोठे, जाड-बारीक, खोल-उथळ यांतील भेद मूल हातांनी शिकते आणि पुढे लेखणी धरण्यासाठी त्याची बोटेही तयार होतात.

गिजुभाई आणि ताराबाई यांनी ही पद्धती आपल्या देशाच्या मातीत रुजविण्याचे काम हाती घेतले. तिला त्यांनी आपल्याकडील गोष्टींची, लोकगीतांची आणि नाट्याची जोड दिली. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. या संघाच्या शिक्षणपत्रिकेतून त्यांनी पालकांना व शिक्षकांना नवे विचार सांगितले. गुजरातीत निघणारी ही पत्रिका पुढे मराठीतही निघू लागली आणि तिच्या संपादनाचा भार ताराबाईंनी वाहिला.

१९३६ साली ताराबाई मुंबईस आल्या व दादर येथे त्यांनी शिशुविहार ही संस्था सुरू केली. शिशुविहारचा लौकिक लवकरच वाढला. बालशिक्षिका घडविण्याचे कामही तेथे होऊ लागले. सुशिक्षित पालक आपली मुले आनंदाने तेथे पाठवीत. परंतु या यशातही ताराबाईंना एक गोष्ट सलत होती. माँटेसरीबाईंची पद्धती जन्मली ती मजुरांच्या वस्तीत. पण तिची घोटीव लाकडी साधने महाग असल्यामुळे ती शहरातील सुखवस्तू घरांच्या आवारातच अडकून पडली होती. देशातील बहुसंख्य मुले तर खेड्यांत होती. त्यांच्या शाळेला धड छप्पर नव्हते, तेथे अशी साधने कोठून येणार? आणि साधने नाहीत म्हणून त्या मुलांनी छडीच्याच शाळेत जावे काय? ज्या शिक्षणाचा लाभ गरिबाच्या मुलाला होत नाही, ते शिक्षण अपुरे होय, असे ताराबाईंना वाटू लागले.

शेवटी त्यांनी शहर सोडण्याचे ठरविले. त्या वेळी त्यांच्या वयाची ५३ वर्षे उलटली होती. १९४५ च्या डिसेंबर महिन्यात त्यांनी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षण केंद्र सुरू केले. बोर्डी हे समुद्रकाठचे गाव त्या काळी ठाणे जिल्ह्यात होते. आज ते पालघर जिल्ह्यात आहे. या कामी त्यांना अनुताई वाघ यांच्यासारखी सहकारी लाभली. बालपणीच वैधव्य आलेल्या अनुताईंनी जिद्दीने शिक्षण घेऊन शिक्षिकेचा पेशा पत्करला होता. ताराबाईंच्या हाकेला ओ देऊन त्या बोर्डीस आल्या आणि कायमच्या या कामाच्या झाल्या.

बोर्डीला पहिला प्रश्न उभा राहिला तो मुलांचाच. बालवाडी तर उघडली, पण मुले येईनात. आईबाप पहाटेच मजुरीला जात. घरी राहिलेल्या मुलांना सकाळी उठवून, न्हाऊमाखू घालून शाळेत पाठविणार कोण? शिवाय, तीन-चार वर्षांच्या मुलाने शाळेत जाऊन करायचे काय, हेही आईबापांना समजत नसे. ताराबाईंनी त्यांना दोष दिला नाही. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे गेले पाहिजे, असा सरळ विचार त्यांनी केला. शिक्षिका वस्तीवस्तीत जाऊ लागल्या. कोणाच्या अंगणात, कोठे झाडाखाली मुलांना गोळा करून त्या खेळ मांडू लागल्या, गाणी म्हणू लागल्या. मुलांची तोंडे धुणे, नखे कापणे, केस विंचरणे हाही त्या शिक्षणाचाच भाग असे. आईच्या डोळ्यांसमोर, तिच्याच दारात शाळा भरू लागली. हीच अंगण बालवाडी होय.

दुसरा प्रश्न साधनांचा होता. त्याचे उत्तर ताराबाईंना गावातच मिळाले. समुद्राने किनाऱ्यावर शंख-शिंपले टाकले होते. वाटेवर खडे होते. झाडांखाली पाने, फुले, बिया आणि काड्या यांचा सडा पडलेला असे. मग लाकडी साधनांसाठी अडून बसण्याचे कारण काय? साधनाचे मोल त्याच्या किमतीत नसते, ते मुलाला काय शिकविते यात असते, हे ताराबाईंनी ओळखले होते. लहान शिंपल्यापासून मोठ्या शिंपल्यापर्यंत रांग लावताना मूल तेच शिकते, जे लाकडी दट्टे त्याला शिकवितात. पाने निवडताना हिरव्या रंगाच्या किती तरी छटा त्याला दिसू लागतात. गुळगुळीत व खरबरीत खडे डोळे मिटून ओळखताना त्याचा स्पर्श तरल होतो. पाच खड्यांत दोन खडे मिळविले की बेरीज होते आणि दोन काढून घेतले की वजाबाकी. वाळूत बोट फिरविले की अक्षर उमटते, आणि चुकले तर हाताने पुसून पुन्हा काढता येते. अशा रीतीने कवडीही खर्च न करता शिक्षणाची साधने उभी राहिली. ती हरवली तरी रागावणारे कोणी नव्हते, कारण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा वेचून आणता येत होती. आणि ती वेचणे हाही एक खेळच होता.

१९५७ च्या सुमारास हे केंद्र बोर्डीहून डहाणूजवळील कोसबाडच्या टेकडीवर गेले. हा मुलूख वारली आदिवासींचा. येथे दारिद्र्य अधिक आणि शाळेची ओळख कमी. शाळेत जाण्याच्या वयाची मुलगी घरी राहून धाकट्या भावंडाला सांभाळत असे. मुलगा गुरे घेऊन रानात जात असे. ताराबाईंनी या दोन्ही अडचणी नीट समजून घेतल्या आणि त्यांवर साधे उपाय काढले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा त्यांनी एकाच आवारात आणली. धाकटे भावंड पाळणाघरात निजले की थोरली बहीण निश्चिंतपणे शेजारच्या वर्गात जाऊन बसे. या योजनेस विकासवाडी असे नाव मिळाले. गुराख्यांसाठी तर शाळाच रानात गेली. एकीकडे गुरे चरत आणि दुसरीकडे झाडाच्या सावलीत मुले शिकत. ही कुरणशाळा होय. तिला भिंती नव्हत्या, बाके नव्हती, घंटाही नव्हती. पण ज्यांच्यासाठी शाळेचे दार कधीच उघडले नसते, त्यांना तिने अक्षर दिले.

ताराबाईंच्या या कार्याचा गौरव म्हणून भारत सरकारने १९६२ साली त्यांना पद्मभूषण हा पुरस्कार दिला. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी लावलेला दिवा अनुताईंनी १९९२ साली आपल्या निधनापर्यंत तेवत ठेवला.

१९७५ साली भारत सरकारने लहान मुलांच्या पोषणासाठी व शिक्षणासाठी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले. आज गावोगावी सकाळच्या वेळी अंगणवाडीतून मुलांच्या गाण्यांचा आवाज ऐकू येतो. बोर्डीच्या वस्त्यांत एके काळी अशीच अंगणे गजबजली होती, याची आठवण हे नाव करून देते.

मोठे कार्य करण्यास मोठी साधने लागतात, असे पुष्कळांना वाटते. ताराबाईंपाशी बोर्डीस काय होते? किनाऱ्यावरचे शिंपले, वाटेवरचे खडे आणि झाडाची सावली. जे कोणाच्याही पायाखाली येते, तेच त्यांनी उचलून मुलांच्या हाती दिले. मुलांविषयी अपार आदर बाळगणाऱ्या या शिक्षिकेने ज्ञानाची वाट गरिबाच्या अंगणापर्यंत नेली, यातच त्यांच्या जीवनाचे सार्थक आहे.