चीवरासाठी १६६ दिवस

भिक्षूने राजकारणात पडावे काय, असे कोणी विचारले तर त्याला ब्रह्मदेशाच्या भदंत ऊ विसारांचे चरित्र सांगावे.

१८८५ साली इंग्रजांनी मंडालेचे राज्य बुडविले. राजा थिबा याला कैद करून पुढे आपल्या रत्नागिरीत ठेवले. धम्माचा राजाश्रय गेला. गोरे साहेब बूट घालूनच पॅगोड्यात शिरू लागले. हा अपमान लोकांच्या जिव्हारी लागला आणि १९१९ पर्यंत बुटांचा वाद देशभर पेटला. बुटांवरून निघालेली गोष्ट स्वराज्यावर गेली. भदंत ऊ ओत्तमा ती गावोगाव सांगू लागले.

ऊ विसारा त्याच वाटेने निघाले. भाषणांबद्दल त्यांना तुरुंग मिळाला. तिथे त्यांचे चीवर उतरवून कैद्याचा पोशाख दिला. अंगावर काय घालावे हे दुसऱ्याने ठरवायचे, हे दुःख आपल्या वाडवडिलांनीही भोगले आहे. विसारांनी अन्न सोडले. मागणी एकच, तुरुंगातही भिक्षूला चीवर हवे. सरकार नमले नाही, तेही नमले नाहीत. १६६ दिवसांनी, १९ सप्टेंबर १९२९ रोजी, रंगूनच्या तुरुंगात त्यांचे देहावसान झाले.

पुढच्याच वर्षी शेतकऱ्यांनी बंड केले. ४ जानेवारी १९४८ रोजी ब्रह्मदेश स्वतंत्र झाला. रंगूनमध्ये विसारांचा पुतळा आहे, अंगावर चीवर असलेला.