रविवारची सुट्टी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे

रविवार म्हटलं की शाळा बंद, बँक बंद, तहसील कचेरीला कुलूप. ही सुट्टी सरकारनं आपणहून दिली असं बऱ्याच जणांना वाटतं. पण मुंबईच्या गिरणी कामगारांना ती झगडून घ्यावी लागली. त्या झगड्याचे पुढारी होते नारायण मेघाजी लोखंडे.

लोखंडे घराणं मूळचं पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातील कन्हेरसरचं. नारायणरावांचा जन्म १८४८ साली ठाण्यात झाला. घरची परिस्थिती बेताची. त्यांनी आधी रेल्वेत, मग टपाल खात्यात नोकरी केली आणि पुढं मुंबईत मांडवीच्या कापड गिरणीत ते स्टोअरकीपर झाले.

तिथं त्यांनी कामगारांचे हाल जवळून पाहिले. कोकण, सातारा, पुणे भागातून पोटासाठी आलेली ही माणसं. दिवस उगवला की कामाला उभं राहायचं, ते मावळेपर्यंत. १८८१ चा कारखाना कायदा झाला, पण तो लहान मुलांपुरता. मोठ्या माणसाला ना कामाचे तास ठरलेले, ना हक्काची सुट्टी. सोमवारी बैलाच्या मानेवर जू न ठेवण्याची रीत कित्येक गावांत आहे. गिरणीतल्या माणसाला तेवढाही विसावा नव्हता.

लोखंडे महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते. १८८० पासून त्यांनी ‘दीनबंधु’ हे वृत्तपत्र चालवलं. १८८४ मध्ये ‘बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन’ काढली. त्याच वर्षी परळला सभा घेतली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. मागण्या साध्याच होत्या. रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार वेळेवर, काम करताना जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार.

मालक काही हलले नाहीत. लोखंडेही मागं हटले नाहीत. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीला दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन बायकांनीही भाषण केलं. अखेर १० जून १८९० रोजी मालकांच्या संघटनेनं रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षी आठवड्याची सुट्टी कायद्यातही आली.

१८९७ साली मुंबईत प्लेग पसरला होता. रुग्णांची सेवा करताना लोखंड्यांनाही प्लेगनं गाठलं आणि ९ फेब्रुवारीला ते गेले. वय पन्नाशीच्या आतच.

त्यांच्या जन्मानंतर शंभर वर्षांनी, १९४८ मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्यात विश्रांती आणि फुरसत हा प्रत्येक माणसाचा हक्क म्हणून लिहिला गेला.

हा हक्क आपल्या शिवारात किती पोचला? ऊसतोड मजुराच्या फडात रविवार नसतो. आजारपणात एक दिवस बसलं तरी खाडा धरून पैसे कापले जातात. रोजानं जाणाऱ्या बाईनं सुट्टी घेतली तर त्या दिवसाची मजुरी गेली, आणि घरातली चूल तर तिला कधीच सुट्टी देत नाही. लोखंड्यांनी गिरणीच्या दारात मांडलेली मागणी बांधावर अजून तशीच उभी आहे.