यात्रिक ह्युएनत्संग

चंद्रपूरहून वरोड्याकडे जाताना वाटेत भद्रावती हे प्राचीन गाव लागते. पूर्वी त्यास भांदक म्हणत. गावाजवळच्या विजासन टेकडीच्या पोटात बौद्ध लेणे कोरलेले आहे. टेकडीत सरळ आत गेलेल्या अंधाऱ्या दालनाच्या शेवटी बुद्धाची भव्य मूर्ती बसलेली दिसते. सुमारे चौदाशे वर्षांपूर्वी एक चिनी भिक्षू ह्या झाडीच्या मुलखातून गेला असावा, असे एकोणिसाव्या शतकातील काही संशोधकांना वाटले. त्याने वर्णिलेल्या कोसल देशाची राजधानी कोणी भद्रावतीस मानली, कोणी गडचिरोलीकडील वैरागडास. अलीकडचे बरेच विद्वान ती छत्तीसगडातील सिरपूर येथे असावी असे मानतात. वाद कसाही सुटो. ज्याच्या चार ओळींवरून पंडितांनी इतका खल केला, त्या प्रवाशाचे नाव होते ह्युएनत्संग. आज त्याचे नाव श्वानझांग असेही लिहितात.

ह्युएनत्संगाने कोवळ्या वयातच भिक्षूची वस्त्रे धारण केली. चीनमध्ये त्या वेळी बौद्ध ग्रंथांची भाषांतरे पुष्कळ होती, परंतु ती परस्परांशी जुळत नसत. एका आचार्याने एक अर्थ सांगावा, तर दुसऱ्याने नेमका त्याच्या उलट. तेव्हा जेथे हे ग्रंथ जन्मले त्या भारतातच जाऊन ते मुळातून शिकावे, असे त्याने ठरविले. पण राज्याची सीमा ओलांडण्यास बंदी होती. त्याने बादशहाकडे अर्ज केले, ते फेटाळले गेले. अखेर इ. स. 629 च्या सुमारास तो राजाज्ञा मोडून, पहारेकऱ्यांची नजर चुकवीत, पश्चिमेकडे निघाला.

पुढे अफाट वाळवंट पसरले होते. तेथे त्याच्या हातून पाण्याची पखाल निसटली आणि सारे पाणी वाळूत जिरून गेले. तो माघारी वळला. थोडे अंतर चालून गेल्यावर त्याला आपल्या प्रतिज्ञेची आठवण झाली: भारत पाहिल्याखेरीज पूर्वेकडे एक पाऊलही टाकायचे नाही! त्याने घोड्याचे तोंड पुन्हा पश्चिमेकडे फिरविले. चार रात्री व पाच दिवस त्याच्या घशाखाली पाण्याचा थेंब उतरला नाही. शेवटी त्याच्या वृद्ध घोड्यानेच वाट सोडून त्याला एका पाणवठ्याशी नेले.

हिमाच्छादित पर्वत ओलांडून तो भारतात आला. नालंदा विद्यापीठात वृद्ध आचार्य शीलभद्र ह्यांच्या चरणी बसून त्याने अनेक वर्षे अध्ययन केले. संस्कृत भाषा त्याने अशी आत्मसात केली की, मोठमोठ्या पंडितांच्या सभेत तो वाद करू लागला. मग तो दक्षिणेच्या यात्रेस निघाला. कलिंगातून डोंगर व अरण्ये ओलांडीत तो कोसल देशी पोहोचला. त्या देशाच्या सीमेवर सभोवार डोंगर व घनदाट रान होते, राजा बौद्ध धर्माचा उपासक होता, आणि तेथे सुमारे शंभर विहार होते, अशी नोंद त्याने केली आहे.

ह्याच देशात त्याला नागार्जुनाची एक कथा ऐकावयास मिळाली. देव नावाचा एक तरुण पंडित दूर सिंहलद्वीपाहून नागार्जुनाच्या भेटीस आला. नागार्जुनाने एक शब्दही न बोलता त्याच्याकडे पाण्याने काठोकाठ भरलेले पात्र पाठविले. देवानेही काही न बोलता त्यात एक सुई सोडली. सुई तळाशी गेली. आपले ज्ञान ह्या पाण्यासारखे परिपूर्ण आहे, असे गुरूने सुचविले होते. मी त्याचा तळ गाठीन, असे शिष्याने उत्तर दिले होते. नागार्जुनाने आनंदाने त्याला जवळ केले. ह्युएनत्संगही असाच दूरदेशाहून आलेला विद्यार्थी होता. ही कथा त्याने मोठ्या आवडीने टिपून ठेवली ह्यात नवल नाही.

पुढे तो महाराष्ट्रातही आला. येथे तेव्हा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी राज्य करीत होता. येथील लोक मानी, उपकाराची जाणीव ठेवणारे, पण अपमानाचा सूड घेतल्यावाचून न राहणारे आहेत, असे त्याला दिसले. रणात हरलेल्या सेनापतीस येथे अन्य शिक्षा न करता स्त्रीची वस्त्रे देत, हेही त्याने नमूद केले आहे.

उत्तरेत सम्राट हर्षाने त्याचा मोठा सन्मान केला, प्रवासासाठी हत्ती दिला. परंतु परतीची वाटही सोपी नव्हती. सिंधू नदी ओलांडताना वादळ झाले. ह्युएनत्संग हत्तीवरून पार झाला, पण ग्रंथांची नाव हेलकावली आणि पन्नास पोथ्या व फुलझाडांची बियाणी नदीत पडली. पुढे पर्वतात लुटारूंनी गाठले. त्या धांदलीत हर्षाने दिलेला हत्तीही बुडून मेला.

खोतान येथे पोहोचल्यावर तो थांबला. आपण कायदा मोडून निघालो होतो, ही गोष्ट तो विसरला नव्हता. त्याने एका व्यापारी तांड्याबरोबर बादशहास पत्र पाठविले आणि आपला अपराध लपविला नाही. कित्येक महिन्यांनी उत्तर आले: त्वरित यावे. इ. स. 645 मध्ये, सोळा वर्षांनी, तो चांगआन राजधानीत शिरला. चोरून गेलेल्या त्या भिक्षूला पाहण्यासाठी रस्ते माणसांनी फुलून गेले होते. वीस घोड्यांवर 657 ग्रंथ लादलेले होते.

बादशहा ताइत्सुंग ह्याने त्याला मंत्रिपद देऊ केले. ते त्याने नम्रतेने नाकारले. मग पाहिलेल्या देशांचा वृत्तान्त लिहिण्याची आज्ञा झाली, ती मात्र त्याने मानली. एका शिष्याच्या मदतीने वर्षभरातच, 646 मध्ये, बारा भागांचा ग्रंथ सिद्ध झाला. त्यात 138 देशांची माहिती आहे. देशाचा विस्तार, पिके, हवामान, लोकांची भाषा व चालीरीती ह्यांचे वर्णन आहे. स्वतःची तहान, भय, थकवा ह्यांविषयी मात्र त्यात जवळजवळ काहीच नाही. ते सारे आपणांस कळते ते त्याच्या हुइ-ली नावाच्या शिष्याने लिहिलेल्या चरित्रावरून! पुढे इंग्रज संशोधक कनिंगहॅम ह्यांनी हाच प्रवासवृत्तान्त हाती घेऊन भारतातील कितीतरी लुप्त स्थळे शोधून काढली.

उरलेली एकोणीस वर्षे ह्युएनत्संगाने भाषांतरात वेचली. 664 मध्ये त्याचा अंत झाला. तत्पूर्वी दहा वर्षे, 654 मध्ये, त्याने नालंदा येथील आपल्या जुन्या स्नेह्यास, ज्ञानप्रभास, एक पत्र धाडले होते. गुरू शीलभद्र निवर्तल्याचे दुःख त्यात होते. सिंधू नदीत बुडालेल्या पोथ्यांची यादीही त्याने सोबत जोडली होती, आणि कोणी इकडे येणारा असल्यास त्या पाठवाव्यात, अशी विनंती केली होती.