ख्वाजा अहमद अब्बास: रोजीचं लिखाण आणि मनातलं काम

चेंबूरचा आर. के. स्टुडिओ आता राहिला नाही. २०१७ मध्ये तिथे आग लागली, पुढे जागाही विकली गेली. राज कपूरचं नाव आजही सगळ्यांच्या तोंडी आहे. पण 'आवारा', 'श्री ४२०', 'मेरा नाम जोकर', 'बॉबी' या चित्रपटांमागे ख्वाजा अहमद अब्बास यांची लेखणी होती, हे आपल्या घरातल्या मुलांना क्वचितच ठाऊक असतं. म्हणून आज त्यांची ओळख करून घेऊ.

अब्बास साहेबांचा जन्म ७ जून १९१४ रोजी पानिपतला झाला. थोर शायर मौलाना अल्ताफ हुसेन हाली हे आईकडून त्यांचे पणजोबा. अलीगढला शिकून ते मुंबईत आले आणि 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये पत्रकार झाले. 'लास्ट पेज' हे त्यांचं सदर पुढे 'ब्लिट्झ'मध्ये गेलं. चाळीसहून अधिक वर्षं, अगदी अखेरपर्यंत, त्यांनी ते चालवलं.

कुठलं काम घ्यायचं, याबाबत ते ठाम होते. 'आवारा'ची कथा आधी मेहबूब खान यांच्याकडे होती. बाप-लेकाच्या भूमिकेत खरे बाप-लेक, म्हणजे पृथ्वीराज आणि राज कपूर हवेत, हा हट्ट अब्बास यांनी सोडला नाही. जमेना, तेव्हा त्यांनी कथा परत घेतली आणि राज कपूरला दिली. व्ही. पी. साठे या मराठी मित्रासोबत त्यांनी ती लिहिली होती. १९५१ चा हा चित्रपट रशियापर्यंत गाजला.

दुसऱ्यांसाठी लिहून मिळालेला पैसा ते आपल्या 'नया संसार' या कंपनीत घालत. तिथले चित्रपट फारसे चालायचे नाहीत, तरी पुढचा सुरू व्हायचाच. बंगालच्या दुष्काळावरचा 'धरती के लाल' त्यांनी १९४६ मध्येच केला होता. सोलापूरच्या डॉ. कोटणीसांवर पुस्तक लिहिलं, त्यावरून व्ही. शांताराम यांनी चित्रपट काढला. मुंबईत डोक्यावर छप्पर नसलेल्या जोडप्यावरच्या 'शहर और सपना'ला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. 'सात हिंदुस्तानी'त (१९६९) त्यांनी अमिताभ बच्चन या नवख्या मुलाला पहिली संधी दिली. एका माहितीपटावर सेन्सॉरने कात्री लावायला सांगितली, तर ते थेट सुप्रीम कोर्टात गेले.

१ जून १९८७ रोजी त्यांचं मुंबईत निधन झालं. 'एक आदमी' हा त्यांचा शेवटचा चित्रपट त्यानंतर पडद्यावर आला.

आपल्या मोहल्ल्यांत लिहिणारी, चित्रं काढणारी, मोबाइलवर फिल्म बनवणारी मुलं-मुली खूप आहेत. घर चालवायचं की मनातलं काम करायचं, हा पेच त्यांच्यापुढे रोज असतो. अब्बास साहेबांनी दोन्ही केलं: रोजीचं काम मन लावून केलं आणि त्याच कमाईतून स्वतःचं काम तडीस नेलं. आपल्या घरात असं एखादं मूल असेल, तर त्याला टोकण्याआधी त्याचं अर्धवट काम एकदा बघायला मागूया.

अल्लाह मरहूमांची मगफिरत करो. आमीन.