समुद्राची शाळा काढणारा मास्तर

इंग्लंडमध्ये वाढणारं मूल चौदा वर्षांचं झालं की घरात 'डी ऑफ ई' हा शब्द येतोच. ड्यूक ऑफ एडिंबरा पुरस्कार! पाठीवर भलीमोठी सॅक, भर पावसात तंबू आणि घरी काळजी करत बसलेली आई. प्रिन्स फिलिप यांनी 1956 साली ही योजना सुरू केली, पण तिचा आग्रह धरणारा माणूस राजघराण्यातला नव्हता, मूळचा ब्रिटिशही नव्हता. तो होता त्यांचा जुना हेडमास्तर, कुर्ट हान.

हान यांचा जन्म 5 जून 1886 चा, बर्लिनमधल्या सुखवस्तू ज्यू कुटुंबातला. ऐन तारुण्यात उष्माघात झाला आणि त्याचा त्रास जन्मभर पुरला. प्रखर ऊन सोसत नसे, म्हणून मोठ्या काठाची हॅट घालून वावरत. आणि याच माणसाने हजारो मुलांना उघड्यावर, वाऱ्यापाण्यात नेलं!

काही काळ ऑक्सफर्डमध्ये शिकून ते जर्मनीला परतले. पहिल्या महायुद्धानंतर, 1920 साली, प्रिन्स माक्स फॉन बाडेन यांच्या मदतीने त्यांनी सालेम इथे शाळा काढली. अभ्यासाइतकंच महत्त्व खेळाला, हातकामाला आणि दुसऱ्याच्या उपयोगी पडण्याला. शाळेचं नाव झालं.

मग 1932 साल आलं. पोटेम्पा गावात नाझी गुंडांनी एका कामगाराला त्याच्या आईसमोर ठार मारलं आणि हिटलरने त्या खुन्यांची उघड पाठराखण केली. हान यांनी सालेमच्या माजी विद्यार्थ्यांना पत्र पाठवून स्पष्ट कळवलं, की हिटलरच्या टोळ्या तरी सोडा, नाहीतर सालेमशी नातं तरी तोडा. एका ज्यू हेडमास्तराने, त्या दिवसांत! मार्च 1933 मध्ये त्यांना अटक झाली. ब्रिटिश पंतप्रधान रॅम्से मॅकडोनाल्ड यांनी शब्द टाकला म्हणून सुटले आणि ब्रिटनमध्ये आले. वय 47, हातची शाळा गेलेली, देश परका. आपण निदान परतीचं तिकीट काढता येईल या भरवशावर येतो. त्यांना तीही सोय नव्हती.

पुढच्याच वर्षी, 1934 मध्ये, स्कॉटलंडच्या मोरे किनाऱ्यावर त्यांनी गॉर्डनस्टन शाळा सुरू केली. समुद्र जवळच असल्याने शिडाची होडी हाकणं हा शिक्षणाचाच भाग झाला. पहिल्या काही विद्यार्थ्यांत परागंदा ग्रीक राजघराण्यातला एक मुलगा होता, तोच हा फिलिप.

दुसऱ्या महायुद्धात जहाजं बुडू लागली तेव्हा ब्लू फनेल लाइनचे लॉरेन्स होल्ट एका गोष्टीने अस्वस्थ झाले. लाइफबोटीत तरुण, धडधाकट खलाशी आधी हाय खात आणि शिडाच्या जहाजांवर मुरलेले वयस्कर खलाशी तग धरत. म्हणजे कमी पडत होती ती ताकद नव्हे, सवय आणि धीर. हान आणि होल्ट यांनी 1941 साली वेल्समधल्या अ‍ॅबरडोव्ही इथे सुमारे महिन्याभराचा अभ्यासक्रम सुरू केला. नाव ठेवलं आउटवर्ड बाउंड, म्हणजे बंदर सोडून निघालेलं जहाज.

प्रत्येकाने खलाशीच व्हावं असा हट्ट नव्हता. होडीत एक जण सुकाणू धरतो, एक शिडाची दोरी सांभाळतो, एक पाणी उपसतो. एकाने अंग चोरलं तर सगळेच भिजतात. वाऱ्याशी वाद घालता येत नाही, वडिलांची ओळख चालत नाही. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर इथे 'अन्डू'चं बटण नाही! चूक झाली तर ती तिथल्या तिथे, सगळ्यांनी मिळूनच निस्तरायची.

ही पद्धत सगळ्यांना मानवली असं नाही. फिलिप तिथे रमले, पण त्यांचे चिरंजीव चार्ल्स यांना गॉर्डनस्टन मुळीच रुचली नाही. सगळ्यांना एकच माप लागत नाही, हेही त्यातून शिकण्यासारखं.

हान यांच्या कल्पनेतून 1962 साली वेल्सच्या किनाऱ्यावर अटलांटिक कॉलेज उभं राहिलं. महायुद्धात एकमेकांविरुद्ध लढलेल्या देशांची मुलं तिथे एकाच बचावनौकेत बसू लागली. तळ टणक आणि कडेला हवा भरलेली नळी असलेली, आज जगभर वापरली जाणारी बचावबोट याच कॉलेजात आकाराला आली. तिचं पेटंट ब्रिटनच्या लाइफबोट संस्थेला अवघ्या 1 पौंडात देऊन टाकलं!

14 डिसेंबर 1974 रोजी हान सालेमजवळच वारले. पण त्यांचं होडकं पुढे चालूच राहिलं. अटलांटिक कॉलेजपासून सुरू झालेल्या युनायटेड वर्ल्ड कॉलेज परिवाराची एक शाखा 1997 साली आपल्या पुण्याजवळ, मुळशी तालुक्यात निघाली. समुद्र नाही, सह्याद्री आहे!

आपण मुलांसाठी उत्तम शाळा शोधतो, क्लास लावतो, गाडीने नेतो-आणतो. त्यांच्या हाती सुकाणू मात्र द्यायला धजत नाही. या दिवाळीत त्याचाही विचार करून बघूया!