खोऱ्यांतील परदेशी पाहुणा : जनरल बेकविथ

इटली देशाच्या वायव्येस, फ्रान्सच्या सीमेला लागून, आल्प्स पर्वताचीं कांहीं अरुंद खोरीं आहेत. तेथें वाल्डेन्स नांवाची प्राचीन ख्रिस्ती मंडळी आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस वाल्डो नामक व्यापाऱ्यापासून निघालेले हे लोक १५३२ सालीं धर्मसुधारणेच्या पक्षास मिळाले. १६५५ सालीं त्यांची कत्तल झाली. १६८६ सालीं त्यांस देशोधडीस लाविलें, आणि तीन वर्षांनीं ते हातीं शस्त्रें घेऊन आपल्या डोंगरांत परत आले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतही राजाच्या कायद्यानें त्यांस या खोऱ्यांतच कोंडून ठेविलें होतें. अशा आडवळणाच्या मंडळीच्या भेटीस १८२७ सालीं एका पायानें अधू झालेला एक इंग्रज लष्करी अंमलदार आला.

त्याचें नांव जॉन चार्ल्स बेकविथ. जन्म १७८९ सालीं, नोव्हा स्कोशियांतील हॅलिफॅक्स येथें. १८०३ सालीं तो फौजेंत शिरला, स्पेन व पोर्तुगाल येथील मोहिमांत लढला, आणि १८१५ सालीं वॉटर्लूच्या रणांगणावर त्यानें डावा पाय गमाविला. त्याचा चुलता सर थॉमस सिडने बेकविथ हा मुंबई फौजेचा सरसेनापति असतां १८३१ सालीं महाबळेश्वरीं वारला. त्याचा स्मारकस्तंभ तेथें उभा आहे. आमच्या वाचकांपैकीं कित्येकांनीं तो पाहिलाही असेल.

एके दिवशीं बेकविथ ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांच्या भेटीस गेला असतां त्यास ग्रंथालयांत खोळंबून बसावें लागलें. वेळ घालविण्यासाठीं त्यानें एक पुस्तक काढिलें. तें विल्यम गिली या इंग्रज धर्मोपदेशकानें लिहिलेलें या खोऱ्यांच्या प्रवासाचें वर्णन होतें. तेवढ्यानें त्याच्या आयुष्याची वाट बदलली.

पहिली भेट थोडक्या दिवसांची झाली. परदेशी पाहुणे तेथें पूर्वींही येत. जुन्या हुतात्म्यांच्या गोष्टी ऐकून सद्गदित होत, कांहीं द्रव्य देत आणि निघून जात. बेकविथाची दृष्टि मात्र जुन्या गोष्टींपेक्षां मुलांकडे गेली. उंचावरील वाड्यांत शाळा भरे ती हिवाळ्यांत, आणि तीही बहुधा गोठ्यांत. कारण गुरांच्या उबेखेरीज तेथें दुसरी ऊब नव्हती. उन्हाळ्यांत मुलें गुरांमागें जात. तो पुन्हां आला, पुन्हां आला, आणि शेवटीं तेथेंच राहिला. लाकडी पायानें तो खडकाळ पायवाटा चढे, वाडीवाडीस जाऊन जागा पाही. त्याच्या खटपटीनें सुमारें १२० शाळा उभ्या राहिल्या. खर्चाचा मोठा भार तो उचली, तरी गांवकऱ्यांनींही आपले हात लावावे असा त्याचा आग्रह असे. या चिमुकल्या शाळांस थट्टेनें बकऱ्यांचीं विद्यापीठें म्हणत. परंतु त्यांतून शिकलेला शेतकरी आपला पवित्र शास्त्राचा पाठ स्वतः वाची.

हा पाहुणा उदार होता, तसा हट्टीही होता, हें लपविण्याचें कारण नाहीं. तो अँग्लिकन मंडळीचा. वाल्डेन्स मंडळीचा मॉडरेटर ठराविक मुदतीपुरता निवडला जाई. तो आजन्म असावा व त्याचें पद बिशपासारखें असावें, असें बेकविथानें सुचविलें. पाळकांस तें रुचलें नाहीं. ज्याच्या पैशानें आपल्या मुलांच्या डोक्यावर छप्पर आलें त्यास नाहीं म्हणणें किती कठीण, हें ज्यास भोगावें लागलें तोच जाणे. तरी त्यांनीं नाहीं म्हटलें, आणि पूर्वजांची रीत राखिली. पाहुण्याच्या मनास तें लागलें. परंतु त्यानें शाळांवरचा हात काढून घेतला नाहीं. आमच्या मतें त्याचा खरा मोठेपणा १२० शाळांपेक्षां येथें अधिक दिसतो.

दुसऱ्या एका गोष्टींत मात्र त्याचा आग्रह फळास आला. १६३० च्या प्लेगांत बहुतेक सर्व पाळक मेले होते. जिनीव्हाकडून आलेले नवे पाळक फ्रेंच बोलत, म्हणून उपासनेची भाषा फ्रेंच झाली होती. १८४८ सालीं फेब्रुवारीच्या १७ तारखेस राजा कार्लो आल्बेर्तो यानें या लोकांस नागरिकत्वाचे हक्क दिले. खोऱ्यांचा दरवाजा उघडला. पण बाहेरच्या इटलीस सुवार्ता सांगावयाची तर इटालियन भाषा हवी. ती नीट शिकण्यासाठीं कांहीं जणांस फ्लॉरेन्स येथें पाठविण्यांत आलें, आणि यामागें बेकविथ होता. १८५३ सालीं तुरिन राजधानींत वाल्डेन्स मंडळीचें भव्य उपासनामंदिर उघडलें, त्यांतही त्याचे श्रम व द्रव्य होतें.

साठी गांठल्यावर, १८५० सालीं, त्यानें त्याच खोऱ्यांतील एका कन्येशीं विवाह केला. १८६२ च्या जुलैच्या १९ तारखेस तोर्रे पेल्लिचे येथें तो वारला, आणि तेथेंच त्यास मूठमाती देण्यांत आली. प्रेतयात्रेस डोंगरांतून शेतकऱ्यांची रीघ लागली. आंग्रोन्या खोऱ्यांतील त्याची एक शाळा जुन्या बांकांसह अजून जतन करून ठेविली आहे. ती इतकी लहान आहे कीं एका दृष्टिक्षेपांत सारी दिसते.