अर्ध्या चेहऱ्यावरचा कांदा : आंब्रुआझ पारे

फ्रान्समधील लाव्हाल गावाजवळ १५१० च्या सुमारास जन्मलेले आंब्रुआझ पारे न्हाव्याच्या हाताखाली शस्त्रक्रिया शिकले. विद्वान वैद्यांना चाकू धरणे त्या काळी कमीपणाचे वाटे. पारे यांना लॅटिन येत नव्हते; पॅरिसच्या ओतेल-द्यू रुग्णालयात रुग्णांजवळ काढलेली वर्षे हीच त्यांची विद्या.

१५३७ च्या सुमारास ते सैन्याबरोबर तूरिनला गेले. बंदुकीच्या जखमेत विष असते, तीत उकळते तेल ओतावे, असा ग्रंथांचा दंडक होता. एकदा तेल संपले. उरलेल्या जखमींना पारे यांनी अंड्याचा बलक, गुलाबतेल आणि टर्पेंटाइन यांचा लेप लावला. ते दगावतील या धास्तीने त्यांना रात्रभर झोप आली नाही. सकाळी लेप लावलेले शांत होते. तेलाचे उपचार झालेले तापाने फणफणले होते.

याच मोहिमेत सेनाधिकारी मोंतेझाँ यांच्या स्वयंपाकघरातला एक पोऱ्या उकळत्या तेलाच्या कढईत पडला. औषधासाठी गेलेल्या पारे यांना एका खेडवळ म्हातारीने मीठ घालून ठेचलेला कच्चा कांदा लावायला सांगितले. त्यांनी तो लावून पाहिला. कांदा होता तिथे फोड आले नाहीत, इतरत्र आले. एवढ्यावर त्यांचे समाधान झाले नाही. पुढे दारूगोळ्याने एका जर्मन रक्षकाचे तोंड भाजले, तेव्हा त्यांनी अर्ध्या चेहऱ्यावर कांदा आणि उरलेल्या अर्ध्यावर नेहमीचे औषध लावले. कांद्याची बाजू फोडांवाचून राहिली. त्या रक्षकाला कोणी विचारले असेल, असे वाटत नाही. मात्र माणूस तोच, भाजणे तेच आणि औषधे दोन, ही तुलना कांद्याहून मोलाची होती. (आज भाजल्यावर कांदा लावू नये, वाहत्या थंड पाण्याखाली धरून डॉक्टरांकडे जावे.)

१५४५ मध्ये पारे यांनी बंदुकीच्या जखमांवरील पुस्तक फ्रेंचमध्ये लिहिले. पुढे अवयव कापताना डागण्याऐवजी रक्तवाहिन्या दोऱ्याने बांधण्याची रीत त्यांनी पुन्हा रूढ केली आणि चार राजांची सेवा केली. १५७५ मध्ये त्यांचे समग्र ग्रंथ निघाले, तेव्हा पॅरिसच्या वैद्यकपीठाने हरकत घेतली. १५८२ मध्ये त्यांच्या शिष्याने तेच ग्रंथ लॅटिनमध्ये आणले. पारे यांचे २० डिसेंबर १५९० रोजी पॅरिसमध्ये निधन झाले.